वर्षाला आणायची जीप

सुरतेतल्या उधन्याच्या रेल्वे फाटकाजवळ भटू मिस्तरीचं गॅरेज होतं आणि त्या गॅरेजात एक जीप नागडी उभी होती. नागडीच म्हणायची. चाकांवर मडगार्ड नाहीत, टायर असे झिजलेले की आतले दोरे दिसावेत, आणि अंगावरच्या हिरव्या रंगाचे पोपडे उडालेले. धुरपदाबाईच्या मुलाने, सुकलालने, ती लष्कराच्या लिलावातून उचलली होती. सुकलाल लूमच्या कारखान्यात फिटर होता. पावसाळा सरला की नहेरच्या ठेकेदाराकडे जीप लावायची असा त्याचा बेत होता. कालव्याला इकडे सगळे नहेरच म्हणतात. तर सुकलालला काही घाई नव्हती. घाई होती ती धुरपदाबाईला, आणि तिला घाई असली म्हणजे उधन्यात कुणाला बसायची सोय नसे.

तिची एकुलती लेक वर्षा चलथाणच्या पलीकडे दिली होती, उसाच्या मळ्यात. जावई योगेंद्र साखर कारखान्यात कामाला, आणि घर मात्र मळ्याच्या मधोमध, मालकाच्या विहिरीशेजारी. डांबरी रस्त्यापासून तिथवर नुसते बांध आणि पाण्याच्या चाऱ्या. वर्षाला आठवा महिना लागला होता.

हे दुसरं बाळंतपण. पहिलं झालंच नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला तिला माहेरी आणली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून. तिसरा महिना होता. बांधाबांधावर गचके खात पोरगी आली आणि भाऊबीजेच्या आत सगळं आटोपलं. डॉक्टर म्हणाला, असं होतं कधीकधी, गचक्यांचा काही संबंध नाही. पण डॉक्टर काय ट्रॉलीत बसला होता? धुरपदाबाईने आपल्या डोळ्यांनी पोरीला उतरताना पाहिलं होतं, दोन्ही हातांनी पोट धरलेलं.

तेव्हापासून वर्षाची सासू उषाबाई एकच पालुपद धरून बसली होती. "माझी सून आता ट्रॉलीत बसणार नाही. बैलगाडीत नाही, कुणाच्या फटफटीवर नाही. न्यायची तर माझ्या दारात धड गाडी आणा. दारात म्हणजे दारात. बांधावरून तिला चालवत धाडणार नाही."

आपल्याकडे गाडी नाही हे ठाऊक असून बाई असं बोलते, हे धुरपदाबाईच्या काळजात रुतून बसलं होतं. ती काही कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. पण लेक त्या घरात नांदत होती, म्हणून आजवर तोंड मिटून होती. तोंड मिटणं म्हणजे काय असतं ते तिच्या घरच्यांनाच विचारावं. बाहेर मिटलेलं तोंड घरात दुप्पट उघडायचं.

आणि मग सोमवारी योगेंद्रचा फोन आला. चाळीच्या नाक्यावर किराणा दुकानात फोन होता, दुकानदाराच्या हाका ऐकून धुरपदाबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावली.

"आत्या, तिचे पाय सुजलेत," योगेंद्र म्हणाला. "तोंडपण सुजलंय. कारखान्यातल्या डॉक्टरने प्रेशर मोजलं. म्हणतो, सुरतेला मोठ्या दवाखान्यात न्या, इथं ठेवू नका. पण आई ऐकत नाही. म्हणते, ट्रॉलीत घालून नेली तर वाटेतच काहीतरी होईल."

"आणि रिक्षा?"

"रिक्षावाला मळ्यात येत नाही. नहेरला पाणी सुटणार आहे म्हणतात."

"तिले पलंगावरून उतरू देऊ नका," धुरपदाबाई म्हणाली. "मी गाडी घेऊन येते. तुमच्या आईले सांगा, दारात येते."

फोन ठेवला तेव्हा रिसीव्हरला तिच्या बोटांचं पीठ लागलं होतं. दुकानदाराने तिचं तोंड बघून तो स्वतःच पुसून घेतला.

घरी न जाता ती थेट भटूकडे गेली. भटू आपल्या खानदेशचाच, शिरपूरकडचा, पण बरीच वर्षं सुरतेत काढल्यामुळे अर्धं हिंदी, अर्धं गुजराती बोलायचा आणि आपण फार मोठे इंजिनियर आहोत असं त्याला वाटायचं. सुकलाल कारखान्यातून सुटून तिथेच आला होता.

"भटू, या गाडीले टायर घाल. उद्याच्या उद्या."

"माजी, पहले बैठो," भटू म्हणाला. "टायर असे थोडे घालतात? गाडी कुठं चालणार ते बघून टायर. हे बघा." त्याने कोपऱ्यातला एक टायर ढकलत आणला. त्याला ट्रॅक्टरसारखे जाड जाड दात होते, दोन दातांच्या मध्ये धुरपदाबाईची चार बोटं जातील एवढी खाच. "हा मातीचा टायर. कुठंही घाला, चढून जाईल. आणि हा दुसरा, हा रोडचा. साफ, गुळगुळीत. डांबरावर मख्खन."

"आणि मडगार्ड?" सुकलालने विचारलं. त्याचं लक्ष त्यातच होतं. भिंतीवर टांगलेल्या रुंद, काळ्या, बाहेर पसरलेल्या मडगार्डांकडे तो केव्हाचा बघत होता. पिपलोदच्या बंगलेवाल्यांची पोरं समुद्रावर जीप घेऊन जातात, त्यांच्या जीपला असतात तशी. "माय, ते बघ ना. कसली दिसेल गाडी!"

"त्याच्यावर काय पापड वाळत घालायचे का?"

भटू हसला. सुकलालने वळून बघितलं. आईच्या डोळ्यांत काहीतरी वेगळं होतं, हे त्याला आता दिसलं. भीती वाटली की धुरपदाबाईची जीभ जास्त चालायची. एवढं तरी तो तिच्या पोटचा असल्यामुळे ओळखत होता.

"वर्षाचा फोन होता का?" त्याने हळूच विचारलं.

तिने सांगितलं. सांगताना आवाज जराही हलला नाही, पण पदराचं टोक तिने बोटाला इतकं गुंडाळलं की बोट पांढरं पडलं.

"मग तर दातांचाच टायर घ्या," भटू म्हणाला. "मळ्यात जायचं आहे ना? आणि मडगार्ड ही लष्करवाली, उंच, मोकळी. चाकाच्या वर भरपूर जागा राहिली पाहिजे. काळी माती आहे तिकडं. चिकटते."

"उंच, मोकळी म्हणजे चाक उघडं राहणार?"

"हो."

"आणि मागं बाईमाणूस बसणार. पदर वाऱ्याने उडाला आणि चाकात गेला तर?" धुरपदाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमच्या चाळीतली ती रंगारीण. नवऱ्याच्या फटफटीवर बसली होती. साडी चाकात गेली, बाई रस्त्यावर. अजून मान वळत नाही तिची. माझी पोरगी पोटुशी आहे, भटू. मागची दोन्ही चाकं पत्र्याने झाकून टाक. पुढची मडगार्डपण खालपर्यंत उतरलेली लाव, गोल, बंद. कापडाचा धागासुद्धा आत जाता कामा नये."

"माती आत अडकेल, माजी."

"माती अडकली तर धुता येते. पोरगी अडकली तर?"

भटू पत्रा मोजायला लागला. 

राहिले टायर. टायरांचं धुरपदाबाईला काही कळत नव्हतं आणि कळत नाही असं म्हणायची तिला सवय नव्हती. ती दोन्ही टायरांपाशी बसली. दातांच्या टायरावरून तळहात फिरवला, मग गुळगुळीत टायरावरून. जात्याचा दगड ओबडधोबड असला तर पीठही ओबडधोबड येतं. चाकाला दात असतील तर गाडी गचके देणार नाही का? गचके दिले तर पोट हलणार नाही का? पण तिच्या बोलण्यावर गाडी थोडीच चालते? बघूनच घ्यावं.

"दोन्ही जोड लावून दाखव," ती म्हणाली. "मी बसते. सुकलाल, शेजारून कळशी आण. भरून."

"कळशी कशाला?"

"तुझ्या डोक्यावर ओतायला. आण म्हटलं ना."

आधी दातांचे टायर लागले. धुरपदाबाई मागच्या पत्र्याच्या बाकावर चढली, पाय रोवले आणि काठोकाठ भरलेली कळशी मांडीवर घेतली. दोन्ही हात कळशीला, वर्षाने पोटाला धरावेत तसे. विहिरीवरून घरापर्यंत पाणी आणताना थेंब न सांडणारी बाई होती ती. तिच्या गावी तिची तशी ख्याती होती. म्हणजे पाणी सांडलंच तर दोष गाडीचा, तिचा नव्हे. सुकलालने जीप काढली. फाटकापर्यंत गेले, रुळांवरून पलीकडे गेले, वळून परत आले. चाकं घुमत होती, सगळा पत्रा थरथरत होता, आणि प्रत्येक थरथरीला कळशीतून एक एक घोट पाणी उडून तिच्या मांडीवर येत होतं. परत आली तेव्हा लुगडं कमरेपर्यंत ओलं. गॅरेजासमोर चहा पिणारे लोक हसायला लागले.

"हसा," ती म्हणाली. "तुमच्या बायका पोटुशा होतील तेव्हा मीपण येईन हसायला."

मग भटूने गुळगुळीत टायर लावले. तोवर संध्याकाळची पाळी सुटली होती, लूमच्या कामगारांची गर्दी रस्त्यावर आली होती आणि ती गर्दी थांबून बघत होती की ही म्हातारी कळशी घेऊन कुठं निघालीय. पुन्हा फाटक, पुन्हा रूळ, पुन्हा परत. पाणी कळशीच्या गळ्यापाशी डुचमळलं, रुळांवर थोडं सांडलं. बस, तेवढंच.

"हेच," धुरपदाबाई म्हणाली.

"माजी, हा तर डांबरी रस्ता," भटू कळवळून म्हणाला. "इथं हा टायर चांगला वाटणारच. मळ्यात तो घसरेल. एक काम करू. दातांचाच ठेवू, हवा थोडी कमी करू. गचके कमी बसतील."

"हवा कमी म्हणजे पंक्चर. माले येडी समजतो का?"

"अहो, पंक्चर वेगळं—"

"पोटातल्या जिवाले डांबर आणि मळा कळत नाही, भटू. त्याले गचका कळतो. कळशी दोन्ही वेळा तीच, मांडी तीच, रस्ता तोच. मग तू कोण जास्त शहाणा?"

भटूने सुकलालकडे बघितलं. सुकलालने वर आभाळाकडे. टायर गुळगुळीतच राहिले, आणि मागच्या चाकांवर पत्र्याची झाकणं नटबोल्टने घट्ट बसली, इतकी जवळ की झाकण आणि टायर यांच्यामध्ये बोट घालायचं म्हटलं तर खरचटेल. भटूने काम मात्र चोख केलं. जाता जाता एक जॅक, एक पाना आणि हातोडी सीटखाली टाकली. "असू द्या," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेक निघाले. कडोदऱ्याच्या चौकापर्यंत रस्ता ट्रकांनी भरलेला, धूर, हॉर्न, पण जीप लोण्यासारखी चालली होती. धुरपदाबाई पुढे बसली होती आणि तिचं लक्ष रस्त्याकडे नव्हतं. पाय सुजलेत हे ठीक, बाईला सूज येतेच. पण तोंड? तोंड कशाने सुजतं? तिला धुळ्याकडची एक चुलत नणंद आठवली, तिचंही तोंड असंच सुजलं होतं, आणि मग ती पुढचं आठवायचं टाळत राहिली. टाळलेली गोष्ट पुन्हा पुन्हा समोर यायची. मग ती सुकलालवर घसरायची.

"हळू चालव."

"हळूच आहे, माय."

"मग जरा लवकर चालव."

चलथाण आलं, कारखान्याचं धुराडं मागे पडलं. सुकलालने डांबर सोडून मळ्याच्या रस्त्याला गाडी घातली. चैत्राचं ऊन, जमीन भेगाळलेली. धुरपदाबाईला बरं वाटलं. कोरडी माती, गुळगुळीत चाक, बसलीच तर एखादी ठेच. मनातल्या मनात तिने भटूला दोन शब्द सुनावलेसुद्धा. मग ऊस संपला आणि समोर चारी दिसली. चारी भरून वाहत होती. फोनवर जावई म्हणाला होता, नहेरला पाणी सुटणार आहे. ते सुटलं होतं. चारी कुठेतरी फुटली होती आणि पुढचा सगळा रस्ता, वर्षाच्या घरापर्यंतचा, चकचकीत काळा झाला होता. आभाळात ढगाचं नाव नाही आणि जमिनीवर चिखल.

घर दिसत होतं. विहीर दिसत होती. दारातली खाटही दिसत होती, आणि खाटेवर कुणीतरी आडवं.

"तीच," धुरपदाबाई म्हणाली. "चालव."

"माय, चिखल आहे."

"माले दिसतंय चिखल आहे. चालव."

जीप चिखलात शिरली. थोडं अंतर गेली, मग मागचा भाग डावीकडे सरकला, मग उजवीकडे. सुकलालने गॅस वाढवला. इंजिन ओरडलं. चाकं फिरली, फिरताना काळी माती उचलून झाकणाच्या आत भरत गेली, भरत गेली आणि मग एकदम काहीतरी करकचून धरल्यासारखं झालं. इंजिन बंद पडलं.

सुकलाल उतरला. मागचं चाक बघून त्याने डोक्याला हात लावला. टायर आणि पत्र्याच्या झाकणामध्ये काळी माती अशी ठासून बसली होती की चाक कुठलं आणि झाकण कुठलं हे कळत नव्हतं. चाक जागच्या जागी चिणलं गेलं होतं.

"भटू म्हणत होता—"

"भटूचं नाव काढू नको माझ्यासमोर."

"मग काय करू? ट्रॅक्टर बोलावू? ओढून काढतील."

"ओढून काढतील आणि मग? वर्षाले ट्रॉलीत घालतील." धुरपदाबाईने चपला काढून गाडीत टाकल्या आणि चिखलात उतरली. चिखल पोटरीपर्यंत आला, थंडगार. वरून ऊन भाजत होतं आणि खालून पाय गोठत होते. घराच्या दारात कुणीतरी उभं राहून कपाळावर हात धरून इकडे बघत होतं. उषाबाई. दुसरं कोण? अंगणात उभी राहून तमाशा बघते आहे. मनात म्हणत असेल, जीप दारात येते म्हणाल्या होत्या विहीणबाई.

"पाना काढ. ही झाकणं उतरव."

"नट मातीखाली आहेत."

ती मागच्या चाकापाशी गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हातांनी माती उकरू लागली. ही माती काही साधी नव्हती. बोटं आत जात, पण बाहेर येताना प्रत्येक बोटाला शेर शेर माती. हात झटकावा तर सुटत नाही, लुगड्याला पुसावा तर लुगडंच जड होतं. पत्र्याची धार लागून तिचा तळहात कापला. तिने बघितलंही नाही. तिचं सगळं लक्ष त्या खाटेकडे होतं. खाटेवरचं माणूस हललं का? हललं की तिला वाटे, आडवीतिडवी वळतेय, म्हणजे दुखतंय. नाही हललं की त्याहून वाईट वाटे.

एक नट सापडला, सुकलालने फिरवला, निघाला. दुसरा निघाला. तिसरा नुसताच गोल फिरायला लागला, निघेना. सुकलालने हातोडी घेऊन पत्र्यावर मारली, पुन्हा मारली, आणि झाकण फाटत, वाकत एका बाजूने लोंबू लागलं. धुरपदाबाईने ते धरून ओढलं. काल भटूकडून घट्ट बसवून घेतलेलं झाकण होतं ते. ते तिने चिखलात भिरकावलं आणि दुसऱ्या चाकाकडे वळली.

झाकणं निघाली तेव्हा चाकं फिरायला लागली. पण फिरायला लागली म्हणजे नुसती फिरायलाच. गुळगुळीत टायर काळ्या मातीवर असा घसरत होता जसा साबणाचा गोळा पाटावर. गाडी तसूभर पुढे येईना.

"बाजूला व्हा."

उषाबाई होती. डोक्यावर उसाच्या पाचटाचा भारा, मागून तिचा नवरा राघो, त्याच्याही डोक्यावर भारा. उषाबाईचं लुगडं वर खोचलेलं आणि पाय गुडघ्यापर्यंत काळे. म्हणजे बाई तमाशा बघत नव्हती. भारा बांधत होती.

"दारात येते म्हणाले होते," धुरपदाबाई म्हणाली. ती अजून खाली बसलेली होती. "येतेच आहे. तुम्ही घरी जा आणि दारात उभ्या राहा."

"दार काय पळून चाललंय का?" उषाबाईने भारा चाकापुढे टाकला. "आधी हे घाला चाकाखाली. आणि तुमच्या पोराला सांगा, गॅस कमी दे. असा ओरडतोय इंजिनावर की मळ्यातली डुकरं पळाली."

"डुकरांचं कळतं तुम्हाले. सुनेचं कळलं असतं तर लवकर फोन केला असता."

राघोने मान खाली घातली आणि पाचट पसरायला लागला. दोन विहिणींच्या मध्ये पडायचं नसतं एवढं त्याला कळत होतं.  उषाबाई धुरपदाबाईच्या शेजारी वाकली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सकाळपासून तिला डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणते. माझं तोंड दिसत नाही म्हणाली एकदा. मी तिला खाटेवर आणून बाहेर ठेवली, उजेडात. मला वाटलं घरातल्या अंधाराने होत असेल." तिने पाचटाची मूठ चाकाखाली सारली. "दारात गाडी आणा म्हटलं ते तुम्हाला खाली बघायला लावायला नाही हो. मागच्या वेळेला मीच तिला बांधावरून चालवत नेऊन ट्रॉलीत चढवली आणि... माझ्या डोळ्यांसमोरून ते जात नाही."

  धुरपदाबाई उठली आणि चिखल झटकत म्हणाली, "पाचट आणखी आहे का?"

"मळाभर आहे."

मग वस्तीवरचे लोक आले, योगेंद्रही आला, कारखान्यातून धावतपळत. बायका, माणसं भारे उचलू लागली, आणि जीपच्या पुढे घरापर्यंत पाचटाचा गालिचा अंथरला गेला. सुकलालने गॅस कमी केला. चाकांखाली पाचट कडकडलं, चाकांनी ते धरलं, आणि जीप हळूहळू, मागचा भाग डोलवत, दारात येऊन उभी राहिली. उघड्या चाकांनी उडवलेल्या चिखलाने उषाबाईची नुकतीच सारवलेली भिंत खालपासून वरपर्यंत ठिपक्यांची झाली. उषाबाईने भिंतीकडे बघितलं आणि ती गोधड्या आणायला आत गेली.

वर्षा खाटेवर बसली होती. तोंड खरंच सुजलेलं, डोळे बारीक झालेले. आईला तिने आधी ओळखलं नाही, मग आवाजावरून ओळखलं.

"माय, तुझ्या अंगाले काय झालं?"

"काही नाही. तुझ्या सासरची होळी खेळून आले." धुरपदाबाईने तिच्या पायावर हात ठेवला. बोट दाबलं तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला.  "ऊठ, बाय. हळू. योगेंद्रबापू, त्या बाजूने धरा."

वर्षाला मागच्या बाकावर बसवलं, खाली गोधड्या घातल्या. धुरपदाबाई एका बाजूला बसली. दुसऱ्या बाजूने उषाबाई चढली.

"तुम्ही कुठं निघालात?" धुरपदाबाई म्हणाली.

"माझा तुमच्या गाडीवर विश्वास नाही."

"माझाही नाही. बसा."

परतीचं ते चिखलाचं अंतर धुरपदाबाईने पार केलं ते श्वास धरून. जीपचा मागचा भाग भरलेल्या चारीकडे सरकला तेव्हा राघो आणि योगेंद्र दोघांनी बाजूने खांदे लावले, त्यांच्या पायांखालचं पाचट घसरलं, वर्षा "आई गं" म्हणाली, आणि त्या दोन शब्दांत धुरपदाबाई पन्नास वेळा मेली. मग एक हिसका बसला आणि चाकं कोरड्या मातीवर आली. डांबर लागलं तेव्हा जीप पुन्हा लोण्यासारखी चालू लागली. कारखान्याचं धुराडं आलं, कडोदरा आला.

"दुखतंय का कुठं?" धुरपदाबाईने विचारलं.

"अंधारी येतेय का अजून?" उषाबाईने विचारलं, त्याच क्षणी.

वर्षाने डोळे मिटले. "दोघीजणी जरा सरका," ती म्हणाली. "माले श्वास घ्यायले जागा नाही."

सुरतेच्या मोठ्या दवाखान्यात नर्सने वर्षाला चाकाच्या खुर्चीत बसवून आत नेलं, आणि धुरपदाबाई मागे जाऊ लागली तेव्हा तिने हात आडवा घातला. "मावशी, तुम्ही नाही. बघा स्वतःकडे." धुरपदाबाईने स्वतःकडे बघितलं. पदरापासून टाचेपर्यंत काळी, तळहातावर वाळलेलं रक्त. उषाबाई गुडघ्यापर्यंतच भरली होती. नर्सने तिला पाय धुवायला लावून आत घेतलं.

धुरपदाबाई व्हरांड्यात उभी राहिली. टेकून बसली असती तर भिंत खराब झाली असती. सुकलाल पाणी घेऊन आला, तिने घेतलं नाही. आत कोण बोलतंय ते ऐकू येत नव्हतं. दाराला हिरवा पडदा होता आणि तो हलला की ती एक पाऊल पुढे टाकायची. कळशीने तिला गुळगुळीत टायर दिला होता. कळशी खोटं बोलली नव्हती, प्रश्नच धुरपदाबाईने चुकीचा विचारला होता. पण हे ती कुणापाशी कबूल करणार नव्हती, भटूपाशी तर मुळीच नाही.

पडदा बाजूला झाला आणि उषाबाई बाहेर आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. धुरपदाबाई पुढे धावली.

"काय झालं?"

"प्रेशर खूप आहे म्हणतात. सुई दिली. आता बाळंत होईपर्यंत इथंच ठेवणार, हलवायचं नाही." उषाबाईने नाक पुसलं. "बाळाचे ठोके चांगले आहेत. त्या बाईने नळी माझ्या कानाला लावली, विहीणबाई. मी ऐकले."

"कसे आहेत?"

"तुमच्या जीपसारखे. धाड धाड धाड."

धुरपदाबाई भिंतीला टेकली. टेकल्यावर भिंतीला काळा पट्टा उमटला आणि नर्स दुरून ओरडली. व्हरांड्याच्या टोकाला नळ होता. धुरपदाबाई तिकडे गेली, नळ सोडला आणि वाकून हात पुढे केले. माती अर्धी वाळली होती, निघत नव्हती. उषाबाई मागे आली, नळाखालचा डबा घेतला आणि तिच्या पाठीवर पाणी ओतत मातीचा थर हाताने खरवडू लागली.

"जोराने घासा, विहीणबाई," धुरपदाबाई म्हणाली. "तुमच्याकडचीच माती आहे. माले लवकर आत जायचंय."